झाडांआडचा टॉवर

टीव्हीचं हे खूळ आमच्या म्हाताऱ्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोक्यात यंदाच्या वसंतात शिरलं. त्याआधी तो टीव्हीसमोर बसायचा तो घोरायला. कोक-बोरूचा, घोड्यांवरून खेळतात त्या खेळाचा, सामना लागला, की पहिल्या झटापटीत बकऱ्याचं धड कुणाच्या हाती लागतं एवढं बघायचा आणि मग टोपी डोळ्यांवर ओढायचा. पडद्यावर घोडे उधळलेले आणि हा शांत. तोच माणूस यंदा एकदम म्हणायला लागला, चित्र तुटतं, ठोकळे दिसतात, आवाज मधेच गिळला जातो, काहीतरी केलंच पाहिजे.

चित्र तुटत होतं हे खरं आहे. हिवाळ्यात आमच्याकडे लख्ख दिसतं. पॉप्लरना पालवी फुटली की घोड्यांचे पाय गायब व्हायला लागतात, आणि पानं पुरती भरली की बातम्या देणारीचं अर्धं तोंड एकीकडे आणि अर्धं दुसरीकडे. टॉवर गावाच्या खालच्या अंगाला टेकाडावर आहे, आणि आमचं छप्पर आणि टॉवर यांच्या बरोबर मधे पॉप्लरची रांग. दर उन्हाळ्यात हे असंच होतं आणि आजवर त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

"झाडंच तोडून टाकू," एका सकाळी म्हातारा चहाचा वाडगा फुंकत म्हणाला. गवत कापायची गोष्ट करावी तसा.

माझ्या हातातला रोटीचा तुकडा हातातच राहिला.

ती झाडं कुणाची ते गावात कुणालाही विचारा. आमच्या एसेनची. एकुलता एक पोरगा. तो जन्मला त्या वसंतात म्हाताऱ्यानं पाटाच्या कडेनं फांद्या रोवल्या. आमच्याकडे मुलगा झाला की बाप पॉप्लर लावतो. पोरगा संसाराला लागतो तोवर झाडं तुळयांच्या जाडीची होतात. मग झाडं पडतात आणि घर उभं राहतं. म्हणून कुणाच्या अंगणात झाडं पडली, की लोक दारात येऊन आधी हेच विचारतात, पाया कधी घालताय?

एसेन रशियात आहे. बांधकामावर गेला, मग तिथेच टॅक्सी चालवायला लागला, मग बायको-पोरीलाही घेऊन गेला. फोनवर म्हणतो, पुढच्या वर्षी आपा, पुढच्या वर्षी नक्की. आपा म्हणजे आई; आमच्याकडे आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला म्हणतात. खोटं कशाला बोलू, मी त्या पुढच्या वर्षावर जगते. सकाळी गाय सोडायला निघाले की झाडांकडे बघते आणि मनातल्या मनात घर बांधते. ही जाड मधल्या खोलीला, ती वाकडी गोठ्याला. झाडं उभी आहेत तोवर पोराचं येणं ठरलेलं आहे, असं मी धरून चालते. ती गेली तर तो आल्यावर छप्पर कशावर घालणार? आणि त्याला सांगू काय, तुझ्या बापाला घोडे बघायचे होते?

"लाकूड रचून ठेवू," म्हातारा म्हणाला. "लागेल तेव्हा वापरता येईल."

"उघड्यावर? कीड लागून भुसा होईल."

"उभी राहिली तरी आतून पोकळच होणार. वय झालंय त्यांचं."

"वय तुमचंही झालंय. तुम्हाला तोडतंय का कुणी?"

एरवी तो हसला असता. माझ्या अशा बोलण्यावर हसत हसतच त्याचा संसार झालाय. त्या दिवशी हसला नाही. "मुकानला सांगून आलोय," म्हणाला. "शुक्रवारी करवत घेऊन येतोय तो."

मला न विचारता हा मुकानकडे जाऊनही आला! गेल्या उन्हाळ्यात याच माणसानं एसेनच्या घरासाठी मातीच्या विटा पाडल्या होत्या. यंदा म्हणाला, कंबर दुखते, राहू दे. मी म्हटलं होतं, राहू दे बाबा, कंबर आहे. आणि आता हे.

"मी अँटेना आणते," मी म्हटलं. "नवी, चांगली. चित्र आलं तर झाडांना हात लावायचा नाही. कबूल?"

त्यानं वाडगा खाली ठेवला. "आण," म्हणाला. "पण नाही आलं, तर शुक्रवार."

मी दुसऱ्याच दिवशी गावच्या व्हॅननं तालासच्या बाजारात गेले. ताश्तानबेकच्या दुकानात अँटेना छतापासून लोंबत होत्या, आणि त्यांच्याखाली तो जेवत बसला होता. त्याला सांगितलं, घरच्या टीव्हीला अँटेना पाहिजे, सगळ्यात चांगली.

"सगळ्यात चांगली अशी नसते, आपा," तो तोंड पुसत म्हणाला. "टॉवर किती लांब?"

"दिसतो."

"मधे काही आहे? घर, टेकडी, झाडं?"

मी सांगायला पाहिजे होतं. पण हाही म्हणेल झाडं तोडा, अशी मला धास्ती. कालपासून ज्याला म्हणून विचारलं त्यानं तेच सांगितलं होतं, जणू सगळ्या गावानं ठरवूनच ठेवलंय. म्हणून मी म्हटलं, "नाही. काही नाही मधे."

"मग ही छोटी न्या. खिडकीत लावली तरी चालेल."

"छोटी नको. ती काय ती, जाळीवाली?"

"ती कशाला? तिच्यात जोर वाढवायचं यंत्र आहे. टॉवर लांब असला तर लागतं. तुमच्या घराचे कान फुटतील तिनं."

"फुटू देत. काढ खाली."

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं, पण दिली. व्हॅनमध्ये ती जाळी मांडीवर घेऊन मी बसले. शेजारचा माणूस म्हणाला, मावशी, मासे भाजायला का? मी त्याला जे उत्तर दिलं त्यानंतर तो गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

घरी येऊन जाळी काठीला बांधली, काठी भिंतीला बांधली, तोंड टॉवरकडे केलं. टीव्ही लावला. आधीपेक्षा वाईट. टीव्हीखालचा चॅनेलांचा डबा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवत होता, सिग्नलचा जोर भरपूर, दर्जा शून्य. आमच्या गावच्या पुढाऱ्यांसारखंच ते. म्हातारा दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं आता चिडवेल. पण तो इतकंच म्हणाला, "दमलीस. चहा घे." आणि स्वतः चहा करायला गेला. त्याच्या त्या शहाण्यासारख्या वागण्यानं माझी भीती वाढलीच. भांडणारा म्हातारा मला ओळखीचा आहे. चहा करणाऱ्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

त्या संध्याकाळी एसेनचा फोन आला. म्हातारा फोन घेऊन फाटकाबाहेर गेला. हल्ली तो असंच करतो, म्हणे आत आवाज नीट येत नाही. मला फोन मिळाला तेव्हा एसेन घाईत होता. "कशी आहेस आपा? गाय व्यायली का?" मी म्हटलं, "तुझा बाप तुझी झाडं तोडायला निघालाय. टीव्हीसाठी! सांग त्याला काहीतरी." तो म्हणाला, "आपा, अब्बा म्हणतायत तसं करू दे." आणि लगेच, गिऱ्हाईक आलं, ठेवतो.

मला त्याचा राग आला. मग माझ्या मनानं त्याची बाजू घेतली. बापाचा मान राखतोय पोरगा, बापाविरुद्ध कसा बोलेल? त्याची झाडं मलाच राखायला पाहिजेत. त्या रात्री मी कूस बदलत पडून राहिले.

सकाळी जाळी पोत्यात घालून परत बाजारात. ताश्तानबेकनं पोतं बघितलं आणि म्हणाला, "फुटले कान?"

"मधे झाडं आहेत," मी म्हटलं.

"आत्ता सांगताय?"

"आत्ता सांगतेय. पॉप्लर. दाट. आणि तोडा म्हणालास तर हे पोतं तुझ्या डोक्यावर घालीन."

तो हसला नाही, हे मला बरं वाटलं. हाताला लागलेलं तेल चिंधीला पुसत म्हणाला, "ओलं पान म्हणजे पाणीच असतं, आपा. टॉवरवरून येतं ते पानांमध्ये मुरून जातं. यंत्रानं जोर वाढवता येतो, पण मुळात पोचलेलंच नसेल तर वाढवणार काय? खरखरच वाढते. एक उपाय म्हणजे झाडांच्या वर जाईल एवढा खांब."

"त्यांच्या शेंड्याकडे बघताना माझ्या डोक्यावरचा रुमाल पडतो."

"मग ही बघा." त्यानं माशाच्या काट्यासारखी एक लांब अँटेना काढली. "हिचं तोंड अरुंद. जिकडे रोखाल तिकडचंच घेते, बाजूचं काही ऐकत नाही. झाडांच्या रांगेत एखादी फट असेल तर तिथून रोखा. जाळी चारी दिशांचं ऐकत बसते, म्हणून गोंधळते."

"सासूसारखी."

"ते तुम्हाला जास्त माहीत," तो म्हणाला. जाळी परत घेऊन त्यानं लांब अँटेना दिली आणि निघताना हळूच म्हणाला, "फट नसेल तर मात्र माझ्या हातात काही नाही, आपा."

गुरुवार उजाडला. म्हाताऱ्याची राजम्याला पाणी द्यायची पाळी होती, तो फावडं घेऊन सकाळीच शेतावर गेला. जाताना झाडांजवळ थांबला, एका बुंध्यावर हात ठेवून उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. मनात म्हटलं, उद्या कुठून सुरुवात करायची ते बघतोय मेला.

शेजारच्या कालीपाला बोलावलं. कालीपा माझ्यापेक्षा लहान, मला एजे म्हणजे ताई म्हणते, पण जीभ माझ्याहून लांब. आम्हा दोघींचं पटत नाही असं सगळं गाव म्हणतं, आणि एकमेकींशिवाय आमचा एक दिवस जात नाही. तिला टीव्हीसमोर बसवलं, खिडकी उघडी ठेवली, आणि मी शिडी लावून छपराच्या कडेला चढले.

"आलं का?"

"नाही!"

थोडं डावीकडे. "आता?"

"एक कान आला! गेला!"

"कुणाचा कान?"

"मला काय माहीत, माणसाचा होता!"

असा सगळा सकाळचा वेळ गेला. त्या रांगेत मला फट सापडेना. म्हाताऱ्यानं तेव्हा फांद्या इतक्या जवळ रोवल्या होत्या, की आता वारा शिरायलाही जागा नाही. मी अँटेना वर धरली, खाली धरली, आडवी केली, उभी केली. हात भरून आले. पानं वाऱ्यानं सळसळत होती आणि एरवी मला तो आवाज गोड वाटतो, त्या दिवशी मला त्यांचा संताप आला. तुमच्यासाठीच चाललंय ना हे सगळं, जरा बाजूला व्हा की!

"बुरुल एजे, उतर खाली," कालीपा खिडकीतून ओरडली. "पडशील आणि तुझ्या म्हाताऱ्याला दुसरी करावी लागेल."

"त्याला कोण देतंय!" मी म्हटलं आणि शिडीवरच टेकले. रडू येत होतं. शुक्रवार म्हणजे उद्याच. अँटेना खांद्यावर टाकली, कुदळ टाकावी तशी, आणि डोळे पुसले.

"अगं!" आतून कालीपा किंचाळली. "काय केलंस? हलू नकोस! घोडे आले! शेपटीसकट आले!"

मी मान वळवून बघितलं. अँटेनेचं तोंड टॉवरकडे नव्हतंच. माझ्या पाठीमागे, गावाच्या वरच्या बाजूला जो उघडा कडा आहे, ज्यावर गवताचं पातंही उगवत नाही, तिकडे होतं. तिथे उभं राहून हाक मारली की कडा ती परत पाठवतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टॉवरचंही तो तसंच परत पाठवत असणार. गावभर सगळ्यांनी अँटेना टॉवरकडे रोखल्यात, कारण तोंड ज्याच्याकडे त्याचंच मिळणार अशी आपली समजूत. पाठ फिरवून बघायचं कुणाच्या डोक्यात येणार?

"दोरी आण!" मी ओरडले. "मी हलत नाही!"

कालीपा दोरी आणि तार घेऊन वर आली. तिनं स्वतःच्या हातानं गाठी मारल्या, अगदी घोड्याला बांधतात तशा. मग खाली जाऊन आम्ही दोघी टीव्हीसमोर बसलो आणि हवामानाच्या बातम्या बघितल्या. इतकी स्वच्छ हवा मी आयुष्यात बघितली नव्हती. कालीपा म्हणाली, "आता रोज येणार मी." मी म्हटलं, "ये की." तिच्या गालाचा मुकाही घेतला मी, आणि ती घाबरून गाय पिळायला निघून गेली.

मी पीठ मळलं, बोर्सोक तळले, साय काढली, टीव्ही चालू ठेवला आणि म्हाताऱ्याची वाट बघत बसले. इतकी खूश मी गेल्या कित्येक महिन्यांत नव्हते.

तो चिखलाचे पाय धुऊन आत आला. दारातच थांबला. पडद्यावर घोडेस्वार होते, त्यांच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. म्हटलं आता हसेल, आता मला चिडवेल, आता म्हणेल म्हातारे, तू तर इंजिनिअर निघालीस.

त्याचा चेहरा उतरला. माझ्या डोळ्यांदेखत उतरला. तो भिंतीला धरून खाली बसला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आमच्यात बाप्या माणूस घरात उगाच टोपी काढत नाही.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही."

"मग? बघा की! दिसतंय! मुकानला सांगा, येऊ नकोस म्हणून."

"बुरुल," तो म्हणाला. माझं नाव त्यानं शेवटचं कधी घेतलं होतं, मला आठवत नाही. "एसेन येणार नाही."

"यंदा नाही, ते ठाऊक आहे मला. पुढच्या—"

"कधीच नाही. त्यानं तिथे घर घेतलंय. तिथले कागद झालेत त्याचे, पोरीला तिथल्या शाळेत घातलंय. हिवाळ्यात सांगितलं मला. म्हणाला, अब्बा, झाडं माझ्यासाठी ठेवू नका, लाकूड वाया जाईल. आणि आपाला एकदम सांगू नका."

टीव्हीवर लोक ओरडत होते. मी उठून तो बंद केला.

"मला एकट्याला सांगायला जमेना," तो म्हणाला. "तुझ्या थोरल्या भावाला बोलवावं असं मनात होतं, चार मोठी माणसं बसवावीत..."

"कुणी मेल्याचं सांगायला माणसं बसवतात!" मी ओरडले. "माझा पोरगा जिवंत आहे!"

"म्हणून तर नाही बोलावलं. मग म्हटलं, झाडं आधी जाऊ देत. टीव्हीच्या निमित्तानं. मोकळ्या अंगणाची तुला सवय झाली, की मग हळूहळू..." त्यानं मांडीवरची टोपी उलटसुलट केली. "आणि तू अँटेना आणलीस."

मला राग आला होता, इतका की कुणावर काढू ते कळेना. पोरावर काढावा तर तो लांब. बापावर काढावा तर तो सगळा हिवाळा हे ओझं एकट्यानं वागवत माझ्यासाठी चहा करत होता. शेवटी मी बसून रडले, आणि तो शेजारी बसून राहिला. बोर्सोक गार झाले.

सकाळी मी शिडी पुन्हा भिंतीला लावली. म्हातारा नमाज आटोपून बाहेर आला.

"काय करतेस?"

"शुक्रवार आहे."

"मी मुकानला नको सांगतो."

"आणि मग? रोज सकाळी मी त्या झाडांत कुणाचं घर बघू? नाही जमायचं मला. पडू देत."

"लोक विचारतील, पाया कधी घालताय. काय सांगशील त्यांना?"

"म्हणून तर चढतेय," मी म्हटलं.

त्यानं वर अँटेनेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पुढे होऊन दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. कालीपाच्या गाठी सुटता सुटेनात, एक नख तुटलं माझं. अँटेना कड्याकडून फिरवली आणि तोंड करून दिलं सरळ झाडांकडे, म्हणजे चित्र पुन्हा ठोकळ्यांचं.

मुकानची करवत सुरू झाली तशी आळीतली माणसं जमली. उमसुनाय, जिला कुणाच्या घरात काय शिजतंय ते आधी कळतं, हसत हसत माझ्यापर्यंत आली. "अखेर मुहूर्त लागला म्हणायचा! एसेन येतोय ना? पाया कधी?"

मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना.

कालीपा दुधाची बादली घेऊन कुंपणाशी उभी होती. तिनं वर छपराकडे बघितलं. काल स्वतःच्या हातानं बांधलेली अँटेना कुठे होती आणि आज कुठे आहे, ते तिनं बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"पाया कसला घेऊन बसलीस!" ती उमसुनायच्या अंगावर ओरडली. "टीव्ही दिसत नाही यांना. काल सबंध सकाळ मी समोर बसले होते, नुसते ठोकळे! अख्खा घोडा दिसला असेल तर शपथ. आणि आशिरबाय म्हाताऱ्याला घोड्यांवाचून घास गिळवत नाही. नवी अँटेना आणली, तिलाही जमलं नाही. मग काय करतील, झाडंच जाणार ना!"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आशिरबायच्या घोड्यांनी पोराचं घर खाल्लं. उमसुनायही हसली. मीही हसायला गेले आणि डोळे भरून आले, तेवढ्यात कालीपानं बादली माझ्या हातात कोंबली, "धर जरा," म्हणाली, आणि माझ्यासमोर अशी उभी राहिली की मी कुणाला दिसू नये.

म्हातारा आत गेला. त्यानं टीव्ही लावला, आवाज बाहेर रस्त्यापर्यंत येईल एवढा मोठा केला, आणि त्या ठोकळ्यांसमोर बसून राहिला. शेवटचं झाड पडेपर्यंत तो उठला नाही.